लागलं का?

तो पडला तेव्हा मी खालीच होते,
कॉर्कच्या सालींची चळत रचत.
आवाज फार मोठा नव्हता.
आधी कुऱ्हाड पडली, मग बेल्मीरू.
धावत जाऊन विचारलं, लागलं का?
तो चक्क हसला.
म्हणाला, नाही गं, काहीच लागलं नाही.

त्याच्या मांडीवर मुंग्या चढत होत्या,
त्या लाल डोक्याच्या, ओकवरच्या, चावऱ्या,
आणि तो त्यांच्याकडे पाहत होता
दुसऱ्या कुणाची मांडी असावी तसा.

आमच्या आलेंतेजूत साल काढली की साल लिहायचं,
बुंध्यावर, पांढऱ्या रंगात, शेवटचा आकडा.
मग नऊ वर्षं झाडाला हात लावायचा नाही.
उरलेलं झाड त्या दिवशी दुसऱ्यांनी सोललं.
आकडा मी लिहिला.
बाकीच्यांचे हात कापत होते.

पुढे टाचणी.
अंगठा. लागतंय? नाही.
घोटा. नाही. गुडघा. नाही.
बेंबीखाली दोन बोटांवर, हो.
तिथे डॉक्टरांनी पेनाने रेघ मारली,
आंघोळीत ती पुसली जाऊ नये म्हणून
मी कितीतरी दिवस जपून पाणी घालत होते. का, कोण जाणे.

लिस्बनच्या ग्रासिएत बाईंनी कागदावर नाक काढून दाखवलं.
अगदी वर, डोळ्यांच्या मधोमध,
वासाच्या नसा जन्मभर मरतात आणि जन्मभर उगवतात,
आणि त्यांना मेंदूपर्यंत हात धरून नेणाऱ्या
काही पेशी असतात तिथे.
त्या थोड्या काढायच्या, काचेत वाढवायच्या,
पाठीतल्या व्रणात सोडायच्या.
नेतील कदाचित कुणाला पलीकडे.
अकरा पानं होती. दुखणं वाढू शकेल.
काहीही न होऊ शकेल, हे तीनदा लिहिलं होतं.
सही करताना त्याने पायांचं विचारलंच नाही.
विचारलं, वास परत येईल ना?

पाच आठवडे कोथिंबीर त्याला गवत होती,
लसूण म्हणजे नुसतं गरम.
सूप ढवळत एकदा म्हणाला,
त्यांना तिथे पाठीत कसला वास येत असेल गं?
मी म्हटलं, माझ्या मलमाचा.
त्या दिवशी आम्ही खूप हसलो.

मग पट्टे, लोखंडी दांड्या, रोजचे पाच तास,
आणि फिजिओ आन्सेल्मूचं घामेजलेलं, आशेने कंटाळलेलं तोंड.
बेकरीत बाया विचारत, चालायला लागला का?
मी म्हणे, अजून नाही.
नंतर त्यातलं 'अजून' मी सोडून दिलं.

दर चार तासांनी नळी. रात्रीही.
गजर साडेचारचा.
सोळाव्या महिन्यात एका रात्री तोच म्हणाला,
झुल्मीरा.
मी दिवा लावला. दुखतंय का?
नाही. थांब.
बराच वेळ तो छताकडे पाहत राहिला,
लहानपणीचं एखादं नाव आठवावं तसा.
मग म्हणाला, मला वाटतं…
मला वाटतं, लागलीय.

चार वाजायला वीस मिनिटं कमी होती.
नळी घातली. भांड्यात चारशे तीस.
वहीत आकडा लिहिला, आणि पुढे, पेन घट्ट धरून,
'त्याने सांगितलं.'

ग्रासिएत बाईंनी वही दोनदा वाचली.
म्हणाल्या, पेशींमुळे असेल,
व्यायामामुळे असेल, आपलं आपणही असेल.
एका माणसावरून सांगता येत नाही.
मला त्या आवडल्या त्या दिवशी.

पाय तसेच आहेत.
सकाळी मीच त्यांना मोजे घालते,
आणि चिमटा बसला तर सवयीने विचारते, लागलं का?

गजर मी अजून लावते.
तो वाजायच्या आधी जाग येते,
आणि अंधारात पडून मी त्याच्या हाकेची वाट पाहते.
काही रात्री हाक येते.
काही रात्री गजर वाजतो.