सत्त्याऐंशी

पाणी शंभर अंशांना उकळतं.
एकवीस वर्षं हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं,
एकवीस वर्षं पोरांनी ते वहीत उतरवलं
आणि घरी जाऊन
खळखळत्या पाण्यात शिजता न शिजणाऱ्या बटाट्यांची
तासन्‌तास वाट पाहिली.

पाताकामाया.
समुद्रसपाटीपासून पावणेचार हजार मीटर वर.
समुद्र आमच्यातल्या कुणी पाहिलेला नाही,
त्याची सपाटी तेवढी पाठ आहे.

या मार्चात ला पासहून खोकं आलं:
सहा तापमापक, पैकी चार फुटके.
वाराच्या आईनं सूपच्या गाड्यावरची शेगडी दिली,
बाराच्या आत परत करायच्या बोलीवर.

पाणी तापलं, कुरकुरलं, खळखळलं.
लाल रेघ चढत गेली
आणि सत्त्याऐंशीवर फतकल मारून बसली,
ओझ्याची म्हातारी लामा घाटात बसते तशी.
ढकला, ओरडा, उठायची नाही.

"मोडलाय," यामिल म्हणाला.
दुसरा लावला. सत्त्याऐंशी.
"हापण मोडलाय."
"जाळ वाढवा, बाई."
जाळ वाढवला. वाफ वाढली, खिडकी आंधळी झाली,
रेघ तिथंच.
बत्तीस पोरं, बत्तीस वकील!
पुस्तक छापलेलं, म्हणजे पुस्तक खरं.
काच खोटी. पाणी खोटं.
रेमेदियोसच्या मते गॅसच हलका.
वारा एकटी पातेल्यात बघत होती.
"आई म्हणते, नुसती उकळी कामाची नाही.
झाकणावर दगड ठेवावा लागतो."

दगड.
उत्तर माझ्या जिभेवर आलंच होतं,
हवेचा दाब वगैरे,
सोललेलं, बिया काढलेलं.
ते मी गिळलं.
कसं गिळलं, माझं मला ठाऊक.

यामिलचा बाप एलियोदोरो आरिका बंदरापर्यंत ट्रक नेतो.
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून तापमापक त्याला दिला.
"आकडे नका सांगू," तो म्हणाला, "वळणांवर सांडतात."
मग पोरांनी दोरे दिले:
चहाला थांबशील तिथं, रेघ थांबेल तिथं,
एक गाठ मार.

नवव्या दिवशी मोजा परत आला.
तांबो केमादोच्या खिंडीत, तपकिरी: चौऱ्याऐंशीच्या जरा वर.
पुत्रेला पिवळा, आमच्याहून जेमतेम एक अंश जास्त.
आणि आरिकाला, बंदराच्या फाटकाबाहेर,
ड्रायव्हरांच्या गर्दीत, निळा.
शंभर.

कुणी ओरडलं नाही.
यामिलनं काचेवरून बोट फिरवलं,
खिंड ते बंदर, दोन बोटांच्या रुंदीचा सगळा उतार,
ज्यावर त्याचा बाप ब्रेक जाळत जातो,
आणि म्हणाला,
"म्हणजे पुस्तक समुद्रावर राहतं."

त्या रात्री मला हुस्तिना काल्ले आठवली.
बारा वर्षांपूर्वी तिनं पेपरात लिहिलं होतं:
आमच्याकडे पाणी घाईनं उकळतं,
बटाट्याला ते पटत नाही.
मी लाल शाईनं लिहिलं, विषयाला सोडून.
दहापैकी शून्य.
शून्याला छान गोल आकार दिला होता, तेही आठवलं.
ती साओ पावलोत शिवणयंत्रावर बसते म्हणे.
तिथं पाणी कितीला उकळतं, विचारायला हवं.
आधी दुसरंच काही म्हणायला हवं.
पत्ता कुणाकडे नाही.

गुरुवारी एलियोदोरो पुन्हा निघतोय.
वारानं त्याच्याकडे रिकामी बाटली दिली आहे,
समुद्र आणायला.
खारं पाणी कितीला उकळेल, बाई?
ठाऊक नाही, मी म्हटलं,
आणि या वेळी ते खरं होतं.

शेगडी सांगून ठेवली आहे.