तारेची पावती

शीतलामाता बाजारातल्या तळघरात
परवाना नसलेलं यंत्र सापडलं,
फळीवर, दोऱ्याच्या रिळांमागे.
चार महिने अख्ख्या भागाचे टॉवर कुरकुरत होते त्याच्यापायी.
दोन दिवस मी अँटेना हातात धरून गल्ल्या फिरलो;
पोहेवाला म्हणाला, काय भिया, भूत शोधताय?

तार काढली.
अकरा मशिनी चालूच राहिल्या,
अकरा फोन मुके झाले.

पंचनाम्यावर पागनीसबाई सही करेनात.
चष्मा कपाळावर, ओठांत टाचणी:
तुम्ही खरे कशावरून?

ओळखपत्र दाखवलं.
असलं त्याच्याकडंही होतं, म्हणाल्या,
व्हिडिओवर, टोपीसकट.
रात्रभर खुर्चीतून हलू दिलं नाही मला.
आता मी आधी ऑफिसात विचारते.

विचारा, म्हणालो.
तर रेंज नाही.

बाई जिना चढल्या. तिसऱ्या पायरीवर नाही,
पाचवीवर नाही, थेट रस्त्यावर,
जिलेबीच्या कढईशेजारी.
नंबर माझ्याच ऑफिसचा.
आधी ती रेकॉर्डमधली बाई, फसवणुकीपासून सावध राहा,
मग रिंग. मग नुसतीच रिंग.
शनिवार होता. उचलणार कोण?

खाली मला कुणीतरी स्टूल दिलं.
एकवीस वर्षांची नोकरी,
आणि सोमवारपर्यंत मी खरा नाही.
राग यायला हवा होता.
उलट वाटलं, आमचं परिपत्रक
या शहरात एका माणसानं तरी वाचलंय.

यंत्र रिळांमागे ठेवलं, सील करून.
तार खिशात घातली, निघालो.

थांबा, बाई म्हणाल्या,
तारेची पावती?