वाजवी

करारातल्या सातव्या कलमात एकच शब्द तीनदा आला होता :
वाजवी मुदतीत, वाजवी वजनाची, वाजवी सुराची
एक घंटा.
अठ्ठेचाळीस हजार युरो. अर्धे आगाऊ,
अर्धे ती मनोऱ्यावर चढल्यावर.
ती चढली नाही.

दीड वर्ष ब्रागातल्या एका गोदामात
लाकडी ठोकळ्यांवर बसून होती,
पोटात कोळ्याचं जाळं,
अंगावर दोन्ही पक्षांच्या चिकटपट्ट्या.

माझा अशील सेराफिम लोबातु, चौथ्या पिढीचा ओतारी.
त्याला बजावलं होतं, बोलायचं नाही.
काही विचारलंच तर माझ्याकडे बघायचं.
आमचा बचाव पक्का होता, म्हणजे बारीक होता :
सूर कुठल्या तापमानाला मोजायचा
हे करारात कुणी लिहिलंच नव्हतं.
पलीकडच्या वितोरिनुने एका यंत्राचा आलेख आणला,
मी दुसऱ्या यंत्राचा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
त्या दिवशी कोर्टच गोदामाच्या पायऱ्या उतरलं,
झगा सावरत, ओल्या वाळूत टाचा रुतवत.
न्यायाधीश बाई म्हणाल्या, वाजवा.

कुणी वाजवायची, यावर अकरा मिनिटं वाद.
शेवटी कारकुनाने, दोन्ही हातांनी,
दार ठोठावताना माणूस अवघडतो तसं.

मी घड्याळाकडे बघत होते. सवय.
बेचाळीस सेकंद.
छपरावरचे पारवे उडाले, परत बसले,
वितोरिनुच्या पेनाचं टोपण टेबलावर थरथरत राहिलं.

आणि सेराफिम, टोपी हातात, माझ्याकडे न बघता :
"पाव सुराने उतरलीय.
ओतली त्याच रात्री कळलं मला."

'त्याच रात्री.'
या दोन शब्दांचा भाव मला तिथेच कळला,
व्याज धरून.

तडजोडीचा मसुदा मी केला. तेच कासं वितळवून नवी घंटा,
ओतारीचा खर्च ओताऱ्याचा.
सातव्या कलमातून तो शब्द तिन्ही ठिकाणी खोडला,
आकडे घातले, तापमानासकट.
बिलात माझे तास सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मांडले;
ते बेचाळीस सेकंद
कुठल्याच तुकड्यात धरले नाहीत.

सहीला तो चष्मा विसरून आला. मी वाचून दाखवलं.
म्हणाला, तो शब्द कुठे गेला?
म्हटलं, त्याच्यापायी तर हे सगळं झालं.
"छे. साचा पुरता सुकला नव्हता, त्याच्यापायी."
मग इतकी घाई कशाला केली?

पेन झटकत म्हणाला,
"मुदत वाजवी होती ना."