चौकट सतरा

सकाळी साडेसहाला ओहोटी.
नळाच्या पांढऱ्या पाइपची चौकट, मीटर बाय मीटर,
जसीला चिखलात टाकते,
आणि मी लिहिते: सतरा. बुधवार. आभाळ स्वच्छ.

कुंपणापलीकडे तेलाच्या टाक्या,
गंजलेला रूळ, आणि मग सगळं कोची
हॉर्न वाजवत कामाला निघालेलं.
सारसम्मा टीचर साडी खोचून, गमबूट घालून
गुडघ्यांवर बसतात. भिंग डोळ्याला.
तिवर, चार रोपं.
मारांडी, सात. बोटांना ओरखडे, आठ.
नेचं एक, खारं पाणी पिऊनही तरारलेलं.
करंजवेल...
"मूळ कुठे आहे ते बघ.
मूळ आत असेल तर ती आत."
मूळ वीतभर बाहेर होतं.
मी खोडलं.

वरून बगळे शिटतात.
टोपीवर, भिंगावर, रकाना चारवर.
जसीला पुसायला जाते तर शाई फिसकटते.
"राहू दे," टीचर म्हणतात, "त्यात बी असेल."

जवळजवळ सगळी घरटी त्या एका रेन ट्रीवर,
जो इथला नाही.
कुणा साहेबाने सावलीसाठी आणला असेल
समुद्रांपलीकडून. यादीत तो 'विदेशी'.
त्याच्या अंगाखांद्यावर रात्रबगळ्यांची पिल्लं
चोची वासून
अगदी इथल्यासारखी भांडतात.

मॉसचा रकाना कुणी मागितला नव्हता.
टीचरांनी तो पट्टी न घेता, हाताने आखला.
"पाणी सोडून जमिनीवर पहिली चढली
ती यांच्याच भावकीतली," म्हणाल्या,
आणि पंपघराच्या भिंतीला
बराच वेळ काही न बोलता नाक लावून उभ्या राहिल्या.

मग गेट. दुसरी चौकट, अठरा.
गवतात एकच पातं, ताठ, घडी घातल्यासारखं.
"खजूर," टीचर म्हणतात आणि मान वर करतात.
पहारेकरी कुट्टप्पन बिडी विझवतो.
शारजात अकरा वर्षं काढलेला माणूस.
पुतण्या अजून डबा पाठवतो,
हा खुर्चीत बसून खातो
आणि बिया कुंपणाकडे थुंकतो.
"उपटू का?"
"मोजणीत उपटत नाहीत."
"मग लिहिणार काय?"
जसीला रकाने वाचून दाखवते:
मूळचे. विदेशी. लावलेले. निसटून आलेले.
"शेवटचं," तो म्हणतो. "तेच माझं.
पासपोर्ट मालकाच्या कपाटातच राहिला."
हसतो. आम्ही हसावं की नाही ते कळत नाही.
टीचर चष्मा पुसतात, आणि खूण मात्र
रोपापुढेच करतात.

अर्जात आम्ही लिहिलं होतं:
'जमिनीवरील वनस्पतींची पाहणी'.
जमीन कुठून सुरू होते, ते अर्जात विचारलेलं नव्हतं.
साडेअकराला भरती आली,
आणि सकाळी जी जमीन होती
तिच्यात आता बोटभर मासे.

सतराची चौकट आम्ही तिथेच विसरलो होतो.
पाइपची तोंडं बंद, म्हणून ती तरंगली,
जराशी फिरली, हातभर सरकली,
आणि तिवरांच्या श्वासमुळांना अडून थांबली.
जसीला गुडघाभर पाण्यात उतरली.
"टीचर," तिकडून ओरडली,
"करंजवेलीचं मूळ आत आलं!"

खोडलेल्या ओळीवर मी पेन्सिल टेकवली.
टीचर काठावर उभ्या,
एक बूट हातात, त्यातलं पाणी ओतत.
हो म्हणाल्या नाहीत.
नाहीही नाही.