सामाईक भिंत

पेनरिऊच्या चढावर घरं जोडीजोडीनं उभी आहेत,
खांद्याला खांदा लावून.
खाण बंद पडून चाळीस वर्षं झाली,
तरी भिंत पुसली की फडकं काळंच निघतं.

मी भिंतींना कोट चढवतो. हाच धंदा.
आधी चार इंच जाडीचा फोम, वर जाळी, वर गिलावा,
सरकारच्या पैशातून, आणि तोही मार्चअखेर आटणारा.

चौदा नंबरात एलुनेड प्रॉसर. छातीचं दुखणं, पेन्शन,
अर्जातले सगळे रकाने तिला चपखल बसले.
सोळा नंबरात हेविन ट्रेहार्न, शाळेच्या बसवर ड्रायव्हर.
त्याची कमाई मर्यादेच्या अकरा पौंड वर.
वर्षाला.
"एक दिवस आजारी पडायला हवं होतं मी," म्हणाला
आणि शिडी चढून परांचीवर चहा आणून दिला.

नियम असा की कोट मधल्या रेषेवर थांबतो.
इमारत संपते तिथे नाही,
कागद संपतो तिथे.
रेषेवर करवत धरली तर
फोमचे पांढरे दाणे वाऱ्यानं उडाले
ते सगळे त्याच्या अंगणात,
कोबीवर, पालथ्या बादलीवर.
योजनेतलं त्याच्या वाट्याला एवढंच आलं.
तो खराटा घेऊन बाहेर आला. बोलला काही नाही.
मीच बोललो, हवेबद्दल.

खालच्या रस्त्यावरून आता ते घर असं दिसतं,
जसा स्वेटर घालता घालता
कुणी हाक मारली म्हणून थांबलेला माणूस:
एक बाही पिवळसर, नवीकोरी,
दुसरा हात उघडा, दगडाचा.

जानेवारीत तपासणीला गेलो.
कॅमेऱ्यात तिची भिंत निळी, निवांत.
त्याची लालभडक, तापानं फणफणल्यासारखी;
आतलं सगळं बाहेर चाललेलं.
एलुनेड कार्डिगन काढून स्वयंपाकघरात बसली होती,
शब्दकोडं सोडवत, खोकल्याशिवाय.
पण आकडे जुळेनात.
जेवढी ऊब घरात उरायला हवी
तेवढी उरत नव्हती.
छपरातून जात नव्हती, खिडक्यांतून नाही.
हात फिरवत फिरवत मधल्या भिंतीशी पोचलो:
जेमतेम एका विटेची, शंभर वर्षांची, दोघांची.

पलीकडे गेलो.
हेविननं पलंग हलवला होता,
माडीवरून खाली,
त्याच भिंतीला अगदी चिकटवून.
उशीच्या वर, डोकं टेकून टेकून
रंगावर एक तेलकट गोल उमटलेला.
"ती पूर्वी नऊला हीटर बंद करायची," तो म्हणाला,
"आता साडेदहाला करते."

तक्त्यात याला गळती म्हणतात.
कारण लिहायला पुढे एक ओळ कोरी असते.
थंडीनं पेन चालेना.
ते काखेत धरून
मी रस्त्यावर जरा वेळ उभा राहिलो.