पिवळी ज्योत

भुवडमामा एकतीस वर्षं
भाताची लग्नं लावतायत.
हजेरीपटावर हुद्दा: रोजंदार मजूर.

उन्हं उतरली की लोंबीपुढे स्टूल ओढतात,
बारक्या कात्रीने फुलाचं टोक तिरकं छाटतात,
चिमट्याने आतले पुंकेसर उपसतात,
सहा. मोजून सहा.
एक राहिला तरी मुसळ केरात.
मग बटरपेपरची टोपी चढवून म्हणतात,
"आता उद्या दहापर्यंत ही कुणाची नाही."

माझ्या चिमट्याखाली पहिल्या दिवशी
चाळीस फुलं मेली.
मामा काही बोलले नाहीत,
आपला चष्मा काढून माझ्या हातात दिला.

नर आणला होता खाडीपल्याडून,
झुलेखाबी परकारांच्या माळ्यावरच्या कणगीतून.
तांबडा, कुसळांचा, हाताला टोचणारा.
मी फॉर्म उघडला. जातीचं नाव?
"नाव कसलं? भात."
तरीपण?
"खाजणातला भात."
मग सुपातले खडे वेचता वेचता,
"बांध फुटला त्या साली
ह्यो येकटाच उभा होता.
माणसंसुद्धा बसली होती."
यासाठी फॉर्मात रकाना नव्हता.
मी लिहिलं: ख-१७.

आमच्या टेकडीवरून समुद्र दिसत नाही.
आम्ही तो काट्यावर तोलून करतो,
लिटरमागे सात ग्रॅम.
थर्माकोलच्या तक्त्याला शंभर भोकं,
भोकागणिक एक रोप, मुळं खाली खाऱ्यात.
चौथ्या दिवशी शेंडे करपतात,
दहाव्या दिवशी मी गुण देत फिरते:
नऊ म्हणजे मेलं,
एक म्हणजे त्याला काही कळलंच नाही.
नऊ, नऊ, सात, नऊ.
त्रेसष्टाव्या भोकापाशी पेन थांबलं.

पान वाळवायचं, आम्लात विरघळवायचं,
आणि ज्योतीत फवारायचं.
रोपाने मीठ आत घेतलं असेल
तर ज्योत पिवळी होते, झेंडूसारखी.
त्रेसष्टची ज्योत जेमतेम पिवळसर.
म्हणजे मुळानं दारातच विचारलं होतं,
कोण तू?

सर म्हणाले, पुन्हा कर.
पुन्हा केलं. मग पुन्हा.
असं करत पाचवी पिढी आली,
मधे माझी शिष्यवृत्ती संपली,
एका पिढीतली अर्धी उंदरांनी नेली.

शिवार फेरीला झुलेखाबी आल्या
नातवाच्या रिक्षातून, चपला हातात घेऊन.
पाटीवर मोठ्या अक्षरांत 'क्षारसहनशील वाण',
तिकडे त्यांनी पाहिलं नाही.
एक ताट उपटलं, पायाला लावून मापलं.
गुडघा.
"पेंढा येवढाच?
माझ्या म्हशी काय पाटी वाचून पोट भरतील?"
सगळे हसले. सर हसले नाहीत.
कमी उंचीचं ताट वाऱ्यात लोळत नाही
हे मी सांगायला गेले, तर त्या
दाणा दाताखाली धरून उभ्या,
डोळे मिटून.
"दाणा बरा हाय," म्हणाल्या.
"उंच कर थोडा. मग घेऊन ये,
उघाडीजवळचा तुकडा देते,
तिथं उधाणाचं पाणी रोज डोकावतं."

त्या रात्री मी वहीत नवा रकाना आखला:
पेंढा, म्हशीच्या हिशेबानं.

मामा मार्चमध्ये निवृत्त झाले.
निरोपाला नारळ, शाल आणि दोन भाषणं,
ज्यांत त्यांचं आडनाव एकदा चुकलं.
जाताना त्यांनी चिमटा स्पिरिटने पुसला,
माझ्या खिशात सरकवला.
"सहा," एवढंच म्हणाले.

आता माझी बोटं न बघता मोजतात.
सहावी पिढी टोपीखाली आहे, कुणाचीच नाही.
काय होईल मला ठाऊक नाही.
त्या तुकड्यात रहू पेरायला अजून दोन पावसाळे,
आणि खाडी काही शोधनिबंधाची वाट बघत नाही.

काल हॉस्टेलच्या गॅसवर पेज ठेवली होती.
मीठ घालताना चिमूटभर बाहेर सांडलं
आणि निळी ज्योत
भप्पकन पिवळी झाली.

पेज उतू जाईपर्यंत
मी बघत राहिले.