पाणी कधी येतं?

भिंतीपलीकडे सोळा माग होते.
स्टेथोस्कोप लावला की आधी तेच ऐकू यायचे,
खटक्-खट, खटक्-खट,
आणि त्यांच्या तळाशी कुठेतरी माणूस.
दोघांना वेगळं करायला मला दोन वर्षं लागली.
वीज गेली की मैनोद्दीन कंपाउंडर ओरडायचा, "मॅडम, आता!"
मग बाकावरच्या साऱ्या छात्या मी घाईने ऐकून घ्यायची,
वीज परतायच्या आत.

फी पाच रुपये. नसली तर पुढच्या शनिवारी, पगारानंतर.
तो शनिवार बऱ्याचदा यायचाच नाही.

एका ऑक्टोबरात ताप आला, गल्लीच्या गल्ली.
नरसव्वा येमूल, बोटं तंबाखूने पिवळी,
नातवाला खांद्यावर टाकून आली.
पोराचे तळवे गार, हिरड्यांतून रक्त.
सिव्हिलची चिठ्ठी लिहिली, रिक्षाला पैसे दिले.
चौदाव्या दिवशी तिने त्यातले चार रुपये परत आणून दिले.
"येताना रिक्षा केली नाही," म्हणाली.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले.
एका खोलीत पाण्याची अकरा भांडी,
एक पातेलं तर पाळण्याच्या बरोबर खाली.
टॉर्च धरला.
पाण्यात स्वल्पविराम वळवळत होते.

तिथून माझा पहिला प्रश्न बदलला.
ताप कधीपासून, ते नंतर.
पाणी कधी येतं?
नीळ्ळु येप्पुडोस्तय? नीर यावाग बरताव? पानी कब आता?
उत्तर मात्र कुणीच शब्दांत देत नसे.
बोटं दाखवायचे. चार. पाच.
मे महिन्यात एक हात पुरायचा नाही.

केसपेपरवर नाडीच्या खाली मी एक रकाना आखला.
मैनोद्दीनने त्यासाठी लाकडी पट्टी आणली, स्वतःच्या पैशाने.
नऊ वर्षं. बारा वह्या.

त्या वह्यांनी मला आधी महापालिकेत नेलं,
मग मुंबईला, एका थंड खोलीत,
जिथे प्रत्येकासमोर पाण्याची एकेक बाटली, सील न फोडलेली.
मी म्हणाले, आमच्याकडे औषध नळालाच लिहून द्यावं लागेल :
दिवसाआड एकदा,
जेवणाआधी की नंतर ते तुम्ही ठरवा.
सगळे हसले. मीही हसले.

सहा बैठकांनंतर धोरण छापून आलं.
पान एकेचाळीस, परिच्छेद तीन :
"निधीच्या उपलब्धतेनुसार, टप्प्याटप्प्याने."
हे शब्द माझ्या हातचे आहेत.
आधी तिथे "एका वर्षात" होतं.
ते काढा, म्हणाले, नाहीतर परिच्छेदच जाईल.
मी काढलं.
हात वाचवायला बोट कापतात, हे शिकलेय मी.
पण तिथे आधी पेशंटची सही घेतात.

मध्यंतरी भलतंच एक झालं.
शेजारच्या कारखान्यातून सत्तय्या दुडम
टॉवेलांचे बाद तुकडे देऊ लागला, पोत्याने.
नरसव्वा आणि विड्यांच्या बायकांनी कडा दुमडल्या,
आत नाडी ओवली,
बॅरलच्या तोंडाला करकचून आवळली.
कोरी नाडी, परकराची असते तसली.
पान एकेचाळीसवर ती नाही, मी शोधली.
पुढच्या ऑक्टोबरात माझ्या बाकावर
दोन-तीन माणसांची जागा रिकामी राहायची.
तेवढंच. त्याहून जास्त मी कुठे सांगत नाही.

आता खुर्चीवर नवा मुलगा आहे, डॉक्टर श्रीपाद चिलवेरी.
फोनवर विचारत होता, मॅडम, हा रकाना कशाचा?
कॉम्प्युटरमध्ये बसत नाही तो.
सांगते उद्या, म्हटलं.

भिंतीपलीकडे चारच माग उरलेत, तेही रात्री बंद.
आज पाचवा दिवस.
पावणेतीनला उठून मोरीत जाते,
बॅरलची नाडी सोडते,
नळाला कान लावते.
आधी नुसती हवा.